विद्यावाचस्पतींचें पीक

एखाद्या कॉलेजच्या शिक्षकखोलींत आज दहा माणसें बसलेलीं असलीं तर त्यांतील सहासातांच्या नांवामागें 'डॉक्टर' लागलेलें असतें, आणि त्यांपैकीं एकासहि कोणाचें पोट दुखूं लागल्यास उपाय सांगतां येत नाहीं, हा विनोद आतां शिळा झाला आहे. आम्हांस त्या विनोदाशीं कर्तव्य नाहीं. आम्ही एक निराळाच प्रश्न विचारूं इच्छितों. ह्या सहासात डॉक्टरांपैकीं कितीजणांचे प्रबंध त्याच खोलींतील इतरांनीं वाचले आहेत? सहकाऱ्यांचें सोडा, ज्या परीक्षकांनीं त्यांवर सह्या केल्या त्यांनीं तरी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले होते काय? ज्या ग्रंथासाठीं एका माणसानें आयुष्याचीं पांच-सहा वर्षें खर्च केलीं, मुलांनीं ज्याच्यामुळें सुट्ट्या घरींच काढल्या, बायकोनें सणावारीं एकटीनें पाहुणे सांभाळले, तो ग्रंथ कापडी बांधणींत आणि सोनेरी अक्षरांत ग्रंथालयाच्या मागील कपाटांत जाऊन बसतो. आणि ह्याची कोणास खंत वाटत नाहीं. कां वाटावी? ज्या कामासाठीं तो लिहिला गेला तें काम झालेलें असतें. तें काम म्हणजे बढती.

आमच्या सुशिक्षित घरांत एम्. ए. झालेल्या मुलास किंवा मुलीस वडील माणसें सांगतात, "आतां पीएच्. डी. करून टाक." हा 'करून टाक' शब्दप्रयोगच पाहण्यासारखा आहे. घर रंगवून टाकावें, विम्याचा हप्ता भरून टाकावा, तशी ही पदवी एकदां उरकून टाकावयाची. सांगणाऱ्यांचा हेतु वाईट नसतो. बी. ए. नंतर एम्. ए., एम्. ए. नंतर पीएच्. डी., अशी ही एकाच जिन्याची वरची पायरी आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ही समजूत मुळांत चुकीची आहे. आणि तीच समजूत आमच्या नियमकर्त्यांनीं कायद्यांत घातल्यामुळें आज जो प्रकार चालला आहे तो चालला आहे.

बी. ए. व एम्. ए. च्या परीक्षेंत जे प्रश्न विचारले जातात त्यांचीं उत्तरें प्रश्नपत्रिका काढणारास ठाऊक असतात. विद्यार्थ्यानें तीं मिळवावीं, समजून घ्यावीं आणि तीन तासांत लिहावीं, एवढीच अपेक्षा. डॉक्टरेटचा प्रश्न ह्याच्या अगदीं उलट. त्याचें उत्तर परीक्षकास ठाऊक नसतें, मार्गदर्शकास ठाऊक नसतें, जगांत कोणासच ठाऊक नसतें. आणि ठाऊक असेल तर त्या प्रश्नावर पदवी देतां येत नाहीं. तो प्रश्न शोधणें, त्याचें उत्तर पुराव्यानिशीं मांडणें आणि त्या विषयांतील जाणत्यांच्या उलटतपासणीपुढें तें टिकविणें, एवढ्या कामाची ही पदवी आहे. ती बहुश्रुतपणाची पदवी नव्हे. उत्तम शिकविण्याची तर नव्हेच नव्हे. नांवांतील 'फिलॉसफी'मुळें कित्येक पालकांस हा वेदान्ताचा कांहीं प्रकार वाटतो. पण युरोपांतील विद्यापीठांत वैद्यक, कायदा व धर्मशास्त्र सोडून उरलेल्या सर्व विद्यांच्या शाखेस तें नांव होतें, त्याची ती खूण राहिली आहे इतकेंच.

हा प्रकार फार प्राचीन आहे असेंहि नाहीं. १८१० सालीं स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठानें अध्यापन आणि संशोधन एकत्र बांधण्याचा जो आदर्श घातला, त्यांतून आजची डॉक्टरेट घडत गेली. अमेरिकेंत येल विद्यापीठानें पहिल्या तीन पीएच्. डी. दिल्या त्या १८६१ सालीं, म्हणजे आमची बोरीबंदर-ठाणें आगगाडी सुरू झाल्यानंतर आठ वर्षांनीं. ऑक्सफर्डनें तर १९१७ पर्यंत ही पदवी जवळच केली नव्हती. तोंपर्यंत तेथील पंडित तिच्यावांचूनच पंडित होते.

आमच्याकडील जीं माणसें ह्या पदवीसाठीं प्रथम परदेशीं गेलीं त्यांच्याकडे पाहिलें म्हणजे ती काय वस्तु होती हें कळतें. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला गेले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचें पुस्तक १९०९ सालीं छापून निघालें, पदवी १९११ सालीं मिळाली, आणि परत आल्यावर ह्या गृहस्थानें ज्ञानकोशाचे तेवीस खंड मराठींत उभे केले. पदवी ही त्यांच्या कामाची सुरुवात होती. डॉ. आंबेडकरांचें उदाहरण याहून बोलकें आहे. लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. साठीं त्यांनीं रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानें ज्या चलनपद्धतीची तरफदारी केली होती तिच्यावरच त्यांत हल्ला होता. परीक्षकांनीं प्रथम फेरबदल सुचविले; ते करून १९२३ सालीं पदवी मिळाली आणि त्याच वर्षीं ग्रंथ छापला गेला. त्याची प्रस्तावना त्यांचे गुरु एडविन कॅनन यांनीं लिहिली आहे, आणि तींत ते स्पष्ट सांगतात कीं, ह्या लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणांस मान्य नाहींत. पण कांहीं ठिकाणीं त्याचा घाव नेमका बसतो आणि एकंदर विवेचन विचारास चालना देणारें आहे. शिष्याच्या ग्रंथास गुरूनें अशी प्रस्तावना लिहावी आणि शिष्यानें ती जशीच्या तशी छापावी, हें आज आमच्या कोणत्या विद्यापीठांत घडेल? आमच्याकडील प्रबंधांत गुरूचें नांव येतें तें ऋणनिर्देशांत, दीड पान, आणि शेवटीं 'सौ. वहिनींनीं दिलेल्या चहाची चव' ह्यासह.

इरावतीबाई कर्वे यांची गोष्ट तर प्रत्येक मार्गदर्शकाच्या टेबलावर कांचेखालीं ठेवावी अशी आहे. १९२० नंतरच्या दशकांत त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते, पुढें नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या विद्येंत मान्यता पावलेले. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशावर अवलंबून असते, असें त्यांच्या विद्यार्थिनीनें दाखवावें ही त्यांची अपेक्षा. बाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसा कांहीं संबंध दिसत नाहीं असें लिहून दिलें. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पंचविशीच्या आंतबाहेर वय असलेल्या एका मुलीनें हें केलें. आणि पदवी तिला मिळाली. डॉक्टरेट म्हणजे हें. गुरूला जें हवें आहे तें नव्हे, मोजमापांत जें निघालें तें लिहिणें.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं येतो, आणि तो घेणारे स्वतःस फार व्यवहारी समजतात. ते म्हणतात, राजवाडे कुठें डॉक्टर होते? धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत लिहिणारे महामहोपाध्याय काणे ह्यांनीं कोणत्या मार्गदर्शकाकडे नांव नोंदविलें होतें? दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डचे नुसते बी. ए., आणि त्यांचे वडील तर कोणत्याच विद्यापीठाचे पदवीधर नसतांना हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथांवर काम करून आले. मग ह्या पदवीची गरजच काय? आक्षेपांतील उदाहरणें खरीं आहेत. अनुमान चुकीचें आहे. ह्या माणसांनीं पदवी घेतली नाहीं, पण पदवीच्या मागें जी शिस्त असावयास पाहिजे ती त्यांनीं स्वतःभोंवतीं स्वतः उभारली. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा केलीं, १८९८ पासून साधनांचे खंड छापले, आणि आपल्या मतांवर तुटून पडणारे लोक ज्या मंडळांत जमतील तें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं पुण्यांत स्थापण्यांत पुढाकार घेतला. ज्यास राजवाडे होतां येईल त्यानें खुशाल विद्यापीठाचें तोंड पाहूं नये. बाकीच्यांना, म्हणजे आम्हां सर्वांना, कोणीतरी कान धरणारा लागतो.

तो कान धरणारा आमच्याकडे नाहींसा झाला त्याची कथा आतां सांगतों. २०१० च्या नियमांनीं पीएच्. डी. घेऊन नोकरींत येणारास पांच आगाऊ वेतनवाढी ठरवून दिल्या, आणि अध्यापकाच्या कामाचे गुण मोजण्याचें एक कोष्टक काढलें. निबंधास इतके, परिषदेस इतके, विद्यार्थी डॉक्टर केल्यास इतके. किराणा दुकानाच्या यादीसारखें. २०१८ च्या नियमांनीं असोसिएट प्रोफेसराच्या बढतीस डॉक्टरेटची अट घातली आणि विद्यापीठांत सहायक प्राध्यापक म्हणून प्रवेश करणारासहि ती १ जुलै २०२१ पासून सक्तीची केली. मग ती मुदत २०२३ पर्यंत लांबविली. आणि १ जुलै २०२३ पासून प्रवेशासाठीं नेट किंवा सेट पुरे, पीएच्. डी. ऐच्छिक, असें ठरविलें. मधल्या पांच वर्षांत ज्या हजारों घरांनीं 'मुदत संपण्याच्या आंत' म्हणून मुलांना कोणत्यातरी विषयावर, कोणत्यातरी मार्गदर्शकाकडे, मिळेल त्या विद्यापीठांत ढकललें, त्यांस हा निर्णय कोणत्या तोंडानें समजावून सांगावयाचा?

अट घातली कीं माल आलाच पाहिजे, हा बाजाराचा नियम विद्येच्या क्षेत्रांतहि खरा ठरतो. २०१६ च्या नियमांत अशी तरतूद होती कीं प्रबंध सादर करण्यापूर्वीं मान्य नियतकालिकांत एक निबंध छापून आला पाहिजे. हेतु चांगला. परिणाम असा कीं पैसे घेऊन आठवड्यांत निबंध छापणारीं नियतकालिकें पावसाळ्यांतील छत्र्यांसारखीं उगवलीं; त्यांचा सुळसुळाट इतका कीं विद्यापीठ अनुदान मंडळास मे २०१८ मध्यें आपल्याच मान्य यादींतून ४,३०५ नियतकालिकें काढून टाकावीं लागलीं. पुढें नवी यादी केली. २०२२ मध्यें निबंधाची सक्तीच उठविली. २०२५ मध्यें ती नवी यादीहि मोडींत काढली. चोरी पकडण्यासाठीं यंत्र आणलें. २०१८ च्या नियमाप्रमाणें शेंकडा १० पर्यंत मजकूर इतरांशीं जुळला तर दंड नाहीं, शेंकडा ६० च्या वर जुळला तर नांवनोंदणीच रद्द. पण यंत्र शब्द ताडून पाहतें, विचार ताडून पाहत नाहीं. इंग्रजी पुस्तकाचें प्रकरण मराठींत उतरवून घातलें तर तें बहुधा बिनबोभाट सुटतें. आणि आतां तर मागाल त्या विषयावर मागाल तितकीं पानें लिहून देणारें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आलें आहे. जानेवारी २०२५ मध्यें राजस्थानांतील तीन खासगी विद्यापीठांस पांच वर्षें पीएच्. डी. ला विद्यार्थी घेण्याची बंदी झाली. तीन सांपडलीं. न सांपडलेल्यांविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं.

आम्हांस स्वतःस आलेला एक अनुभव येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यापीठाकडून आमच्याकडे परीक्षणासाठीं एक प्रबंध आला. विषय, एका नामांकित कादंबरीकाराच्या कादंबऱ्या : एक चिकित्सक अभ्यास. ('एक चिकित्सक अभ्यास' हे तीन शब्द कमी केले तर मराठींतील निम्म्या प्रबंधांचीं शीर्षकें अर्धवट राहतील.) पहिलें प्रकरण जीवन व वाङ्मय, दुसरें कथानकें, तिसरें व्यक्तिचित्रण, चौथें भाषाशैली, पांचवें उपसंहार. हा सांचा आम्ही विद्यार्थी असतांना होता, तोच आजहि आहे. त्यांत लेखकाचें नांव बदललें कीं नवा डॉक्टर निघतो. साडेतीनशें पानांत प्रश्न एकहि नव्हता. आम्हीं सविस्तर शेरा लिहून पुन्हां लिहिण्यास सांगितलें. चार दिवसांनीं मार्गदर्शकांचा फोन आला. "सर, मौखिकीचा दिवस ठरला आहे, जेवणाचं सांगून ठेवलंय, त्यांची बढती अडली आहे." आम्हीं शेरा बदलला नाहीं. प्रबंध दुसऱ्या परीक्षकाकडे गेला आणि दोन महिन्यांत मौखिकी थाटांत पार पडली. फलक, शाल, श्रीफळ, पेढे, आणि वर्तमानपत्रांत फोटो.

त्या नूतन डॉक्टरबाईंविषयीं आमच्या मनांत राग नाहीं. त्यांना शिकवितां उत्तम येत होतें असें आम्हांस मागाहून समजलें. पंधरा वर्षें त्यांनीं तालुक्याच्या गांवीं पोरांना व्याकरण शिकविलें, आणि ह्या कामाची कदर म्हणून सरकारनें त्यांना काय सांगितलें? संशोधन करा, नाहीं तर आहां तेथेंच बसा. ज्यास प्रश्न पडलेला नाहीं त्यास उत्तर शोधावयास लावणें ही त्या माणसाची विटंबना आहे आणि संशोधनाचीहि. चांगल्या शिक्षकास चांगला शिक्षक म्हणून बढती द्या. त्याच्या वर्गांत जाऊन बसा, त्याच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पाहा. डॉक्टरेटची अट बढतीवरून उठवा. ही आमची मागणी आहे, आणि ती ऐकून आमचे किती सहकारी संतापतील हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांचा मोठा आक्षेप असा कीं, अट उठविली तर कोणी संशोधनच करणार नाहीं. ज्या संशोधनाचा आधार अट हाच आहे तें बंद पडलें तर नुकसान कोणाचें?

परंतु आमची ही मागणी आणि पीएच्. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांची चेष्टा ह्या दोन गोष्टींची कोणी सरमिसळ करूं नये. डिसेंबर २०२३ मध्यें नागपूरच्या अधिवेशनांत शिष्यवृत्तीचा प्रश्न निघाला असतां त्या वेळच्या एका उपमुख्यमंत्र्यांनीं, हीं मुलें पीएच्. डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचे उद्गार काढले. आणि पुष्कळ सुखवस्तु घरांत त्यांस टाळी मिळाली. बार्टी, सारथी, महाज्योति ह्या संस्थांच्या शिष्यवृत्तीवर जगणारे विद्यार्थी बहुतेक असे कीं ज्यांच्या घरांत पुस्तकांचें कपाट ही वस्तुच नव्हती. डॉक्टरेटची सक्ती त्यांनीं केली नाहीं. मंत्र्यांनीं व मंडळांनीं केली. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकविलेल्या तासाचे पैसे मोजून, चाळिशीपर्यंत राबणारे डॉक्टर ह्या महाराष्ट्रांत आहेत. कायम जागा भरल्या जात नाहींत, हा दोष त्या डॉक्टरांचा नव्हे. दिवे कोणीं लावावयाचे आणि तेल कोणीं पुरवावयाचें ह्याचा हिशेब एकदां नीट व्हावयास पाहिजे.

आतां ज्यास खरोखरच ही वाट चालावयाची आहे, आणि ज्या घरास आपल्या मुलामुलीस त्या वाटेवर पाठवावयाचें आहे, त्यांच्यासाठीं चार शब्द. नियम थोडक्यांत असे आहेत. २०२२ च्या नियमांप्रमाणें एम्. ए. ला शेंकडा ५५ गुण, किंवा चार वर्षांच्या पदवीस शेंकडा ७५ गुण लागतात. राखीव वर्गांस सवलत आहे. मुदत कमींत कमी तीन वर्षें, जास्तींत जास्त सहा, पुन्हां नांव नोंदवून आठपर्यंत. स्त्रियांस व अपंगांस आणखी दोन वर्षें, आणि स्त्रियांस बाळंतपणासाठीं २४० दिवसांपर्यंत रजा. आरंभीं कमींत कमी बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. २०२४ पासून नेटच्या गुणांवरहि प्रवेश मिळतो. त्यांत परीक्षेस ७० व मुलाखतीस ३० असें वजन आहे. ज्यास नेटमधून कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळते त्यास महिना ३७,००० रुपये मिळूं लागले ते जानेवारी २०२३ पासून. हें सर्व कोणत्याहि विद्यापीठाच्या कचेरींत समजतें. न समजणाऱ्या गोष्टी पुढें आहेत.

प्रथम प्रश्न हवा. 'मराठी कादंबरींतील स्त्री' हा प्रश्न नव्हे, तें गांठोडें आहे. 'मासिक मनोरंजनांत स्त्रियांनीं लिहिलेल्या गोष्टींत नायिका शिकली म्हणजे पुढें तिचें काय होतें?' हा प्रश्न आहे. कारण ह्याचें उत्तर अंक उघडून पाहिल्याशिवाय देतां येत नाहीं, आणि दिलेलें उत्तर चूक आहे असें दुसऱ्यास दाखवितां येतें. जें चूक ठरूं शकत नाहीं तें संशोधन नव्हे, इतकी ही कसोटी सोपी आहे. दुसरें, त्या प्रश्नाचीं साधनें वाचण्याची ताकद हवी. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि मोडीचें एक अक्षर न ओळखणारे तरुण पेशवाईवर प्रबंध लिहावयास निघतात. मग काय लिहिणार? सरदेसायांनीं जें वाचून लिहिलें तेंच पुन्हां. मोडी शिकविण्याचे वर्ग राज्याचें पुराभिलेख खातें चालवितें. नांव नोंदविण्याच्या आधीं तेथें जावें. ज्यास बौद्ध धर्मावर लिहावयाचें त्यानें पाली शिकावी, ज्यास गोव्याच्या इतिहासावर लिहावयाचें त्यानें पोर्तुगीज. ह्याला दोन वर्षें लागतील. लागूं द्यावीं. प्रबंधाचीं हीच खरीं वर्षें होत.

मार्गदर्शकाची निवड वधूवरसंशोधनाहून अधिक काळजीनें करावी. आमच्याकडे मात्र ती 'कोणाकडे जागा रिकामी आहे' एवढ्यावर होते. नियमानें प्रोफेसरास एका वेळीं आठ, असोसिएटास सहा आणि असिस्टंटास चार विद्यार्थी घेतां येतात, तेव्हां जागेचा प्रश्न आहे हें खरें. तरीहि तीन गोष्टी विचाराव्या. ह्या गृहस्थांनीं गेल्या पांच वर्षांत स्वतः काय लिहिलें? त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीं कितीजण मध्येंच सोडून गेले आणि कां? त्यांच्याशीं मतभेद झालेला एखादा विद्यार्थी डॉक्टर झाला आहे काय? पहिल्याचें उत्तर ग्रंथालयांत मिळतें. बाकीच्या दोहोंचीं उत्तरें त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून, चहा पाजून, मिळवावीं. गुरूच्या मुलाच्या शाळेची फी भरण्यास, भाजी आणण्यास, किंवा त्याच्या नांवावर निबंध लिहून देण्यास जो विद्यार्थी पहिल्या वर्षीं तयार होतो तो पांचव्या वर्षीं त्याच्या मताविरुद्ध एक ओळहि लिहूं शकत नाहीं. ही सेवा गुरुकुलाची परंपरा आहे असें कोणी सांगूं लागल्यास विश्वास ठेवूं नये. ती सरंजामाची परंपरा आहे.

परदेशाविषयीं एक गैरसमज मात्र तांतडीनें दूर केला पाहिजे, कारण त्यांत घरें गहाण पडतात. अमेरिकेंतील चांगल्या विद्यापीठांत, विशेषतः शास्त्रविषयांत, पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यास बहुधा फी माफ असते आणि शिकविण्याच्या किंवा प्रयोगशाळेंतील कामाबद्दल वेतन मिळतें. जर्मनींत कित्येक ठिकाणीं तो विद्यापीठाचा पगारी नोकरच असतो. एम्. एस्. साठीं कर्ज काढतात तसें डॉक्टरेटसाठीं काढावें लागत असेल, तर जेथें जावयाचें तें ठिकाणच पुन्हां तपासून पाहावें. आणि हॉटेलांत समारंभ करून, गळ्यांत झगा अडकवून, 'मानद' म्हणून ज्या पदव्या विकल्या जातात त्यांच्याविषयीं लिहून आम्ही ह्या मासिकाचा कागद खर्च करीत नाहीं.

राहिला तो तरुण अध्यापक, जो आम्हांस म्हणेल, "तुमची मागणी मान्य होईल तेव्हां होईल, माझी बढती आज अडली आहे, मला प्रश्न सुचत नाहीं, आणि माझ्या गांवांत ग्रंथालय नाहीं." त्याचें म्हणणें रास्त आहे. त्यास आम्ही एवढेंच सांगूं कीं, मोठ्या कादंबरीकारांस थोडा विसांवा द्यावा आणि आपल्याच गांवांत पाहावें. इचलकरंजीस मागावर काम करणाऱ्यांच्या तोंडीं सुताच्या, ताण्याच्या, विणीच्या दोषांना किती शब्द आहेत आणि त्यांतले किती कानडींतून आले, हें कोणत्या कोशांत सांपडतें? जुन्या नगरपालिकेच्या दप्तरांतील पाणीपट्टीचे आणि शाळांचे कागद वाळवी लागण्यापूर्वीं कोणी वाचले आहेत काय? एखाद्या तमाशाच्या फडाचा मागील पिढीचा जमाखर्च मालकाच्या घरीं वहींत पडून असला तर तो कोणीं उतरून घेतला? ह्या कामांस परदेश लागत नाहीं, मोठें ग्रंथालय लागत नाहीं. पायपीट, वही आणि म्हाताऱ्या माणसांशीं बोलण्याचा धीर लागतो. प्रबंध दीडशें पानांचा झाला तरी चालतो. त्यास आधीं शोधगंगेवर आपल्या विषयाजवळचे तीनचार प्रबंध उघडून वाचावे लागतील. ते आतां घरबसल्या फुकट वाचतां येतात, आणि काय करूं नये हें शिकण्यास त्यांइतकी सोय दुसरी नाहीं.

अशा विषयावर नांव नोंदविण्यास गेल्या दहा वर्षांत आमच्याकडे एकहि विद्यार्थी आला नाहीं. सध्यां आमच्याकडे एक जागा रिकामी आहे.